हान्झोचा दरवाजा आणि दोनशे माणसे



जपानच्या राजधानीत, टोकियो शहरात, सम्राटाच्या राजवाड्याभोवती पाण्याने भरलेला जुना खंदक आहे. या खंदकाच्या पश्चिम बाजूस एक दरवाजा आहे. त्याचे नाव हान्झोमोन. ‘मोन’ म्हणजे दरवाजा. त्या दरवाजावरून सभोवारच्या वस्तीला नाव पडले, आणि १९७८ साली जमिनीखालून धावणारी एक आगगाडी सुरू झाली तिलाही तेच नाव मिळाले. जत्रेच्या मिरवणुकीतला भला मोठा हत्ती त्या दारातून अर्धाच आत शिरला, आणि जपानी भाषेत ‘हान्’ म्हणजे अर्धा नि ‘झो’ म्हणजे हत्ती, म्हणून ते नाव, अशीही एक गमतीदार कथा तिथे सांगतात. पण बहुतेकांच्या मते हे नाव एका माणसाचे आहे. तो माणूस म्हणजे हात्तोरी हान्झो मासानारी. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच.

निन्जा म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते. नखशिखांत काळा पोशाख, पाठीला तलवार, धुराचा लोट उठला की माणूस गुप्त! या सगळ्या निन्जांचा मुकुटमणी म्हणून हान्झोचे नाव घेतात. तो एका जागी अदृश्य होऊन दुसऱ्या जागी प्रकट होत असे, येथपर्यंत लोकांनी मजल मारली आहे. आम्ही कामगारांत वावरणारे लोक. कोणी असा चमत्कार सांगू लागला की आमच्या मनात सवयीनेच दोन प्रश्न येतात: काम नेमके कोणी केले, आणि दाम कोणाला मिळाला? हेच दोन प्रश्न आम्ही आज हान्झोच्या कथेला विचारणार आहोत.

प्रथम शब्दाचाच खुलासा केलेला बरा. ‘निन्जा’ हा उच्चार घरोघर पोचला तो विसाव्या शतकात. त्या काळचे लोक अशा माणसाला ‘शिनोबी’ म्हणत. शिनोबी म्हणजे लपून, दबून, सोसून काम करणारा. शत्रूच्या किल्ल्यात शिरून बातमी काढणे, वाटा हेरणे, अफवा पसरविणे, रात्री आग लावणे ही त्याची कामे. काळा पोशाख हा बहुतांशी रंगभूमीचा आणि चित्रकारांचा प्रसाद आहे. जरा विचार करा, भर बाजारात काळा बुरखा घालून फिरणारा हेर किती दिवस टिकेल? जुन्या परंपरेत शिनोबीची सात सोंगे सांगितली आहेत. भिक्षू, डोंगरात तप करणारा यात्रेकरू, बासरी वाजविणारा बैरागी, फेरीवाला व्यापारी, खेळ करून दाखविणारा, नाटकवाला आणि अगदी साधा माणूस, अशी ती सोंगे. या विद्येचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ ‘बानसेन्शुकाई’ हा १६७६ साली फुजिबायाशी नावाच्या गृहस्थाने लिहिला. शिडी, कुलूप, दारू या गोष्टी त्यात आहेतच. पण त्याआधी मन शुद्ध ठेवण्यावर प्रकरणे खर्ची घातली आहेत. ज्याच्या हाती कुलूप उघडण्याची विद्या आहे त्याची नियत साफ नसेल तर तो चोरच होईल, हे त्या ग्रंथकाराला पक्के ठाऊक होते.

ही विद्या वाढली ती मुख्यतः इगा आणि कोका या शेजारशेजारच्या दोन मुलखांत. इगा म्हणजे चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेली एक परात. जमीन थोडी, वाटा अवघड, आणि तरीही त्या काळची राजधानी क्योतो फारशी लांब नाही. त्या मुलखावर कोणा एका बड्या सरदाराची हुकमत बसली नाही. गावोगावची छोटी छोटी लढवय्यी घराणी आपापल्या मातीच्या गढ्या बांधून राहत. जमीन पुरेना म्हणून ही माणसे परक्या सरदारांकडे मोलाने लढायला आणि हेरगिरी करायला जात. म्हणजे शिनोबीची कला ही मुळात पोटाची कला होती. दुष्काळी भागातला माणूस हाताला जे काम येते ते घेऊन शहराची वाट धरतो, तसाच हा प्रकार.

परंतु या माणसांनी आणखी एक गोष्ट केली, तिचे आम्हांला विशेष कौतुक वाटते. सोळाव्या शतकात त्यांनी सगळ्या इगा मुलखाची मिळून एक जूट बांधली आणि तिचा करारनामा लिहून काढला. अकरा कलमांचा तो कागद उपलब्ध आहे. बाहेरचा शत्रू मुलखात शिरला तर सर्वांनी एकजुटीने त्याला अडवावे, खबर येताच गावोगाव घंटा वाजवाव्या, सतरा ते पन्नास वर्षांच्या प्रत्येक पुरुषाने शस्त्र घेऊन बाहेर पडावे, असे त्यात लिहिले आहे. साध्या शेतकऱ्याने शत्रूचा किल्ला घेतला तर त्याला इनाम देऊन सामुराई करावे, असेही एक कलम आहे. ज्या काळी जपानभर सरदार एकमेकांची मुंडकी मोजत होते त्या काळी डोंगरातल्या लहान लोकांनी आपसांत वाटाघाटी करून नियम लिहावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

आता हान्झोकडे वळू. गंमत अशी की निन्जांचा हा शिरोमणी इगात जन्मलाच नाही. त्याचा बाप हात्तोरी यासुनागा हा इगाचा खरा. पण पोटापाण्यासाठी तो मुलूख सोडून मिकावा प्रांतात मात्सुदाइरा घराण्याच्या चाकरीस गेला. त्याच घराण्यात पुढे तोकुगावा इएयासु निपजला, ज्याच्या वंशाने जपानवर अडीचशेहून अधिक वर्षे राज्य केले. हान्झो १५४२ साली मिकावात जन्मला आणि इएयासुचा शिपाई म्हणूनच वाढला. सोळाव्या वर्षी रात्रीच्या एका छाप्यात त्याने पहिला पराक्रम केला, असे परंपरा सांगते. १५७० ची आनेगावाची लढाई, १५७३ च्या आरंभीची मिकातागाहाराची लढाई, अशा मोठ्या रणांत तो उघड्या मैदानात लढला. त्याचे हत्यार भाला. त्याला लोक ‘ओनी हान्झो’ म्हणजे राक्षस हान्झो म्हणत, ते लपण्यासाठी नव्हे, तर समोरासमोर भिडण्यासाठी. टोकियोच्या योत्सुया भागातील साइनेन्जी मंदिरात त्याची समाधी आहे आणि इएयासुने दिलेला म्हणून एक भाला जपून ठेवला आहे. भूकंपाने आणि महायुद्धातील बॉम्बहल्ल्याने तो मोडला; तरी उरलेला भाग अडीच मीटरांचा भरतो. हा भाला बगलेत लपवून कोणी भिंतीवर चढेल, हे संभवत नाही. तात्पर्य, हान्झो हा शिनोबी नव्हता. तो शिनोबींचा नायक नेमलेला सामुराई होता. काम करणारा आणि कामावर देखरेख करणारा यांतला फरक आपण येथेच नोंदवून ठेवू.

मात्र या राक्षसाच्या आयुष्यातला एक प्रसंग असा आहे की तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १५७९ साली इएयासुचा थोरला मुलगा नोबुयासु याच्यावर शत्रूशी संधान बांधल्याचा ठपका आला. दोस्त पण वरचढ असलेल्या ओदा नोबुनागाने त्याच्या मृत्यूची मागणी केली, असे जुने ग्रंथ सांगतात. बापलेकांतील दुहीच त्याला कारण झाली, असे अलीकडचे काही इतिहासकार मानतात. ते काहीही असो, विशीतल्या त्या तरुणाला फुतामाताच्या किल्ल्यात पोट चिरून घेण्याचा हुकूम झाला. अशा वेळी मरणाराच्या वेदना लांबू नयेत म्हणून पाठीशी उभ्या असलेल्या माणसाने त्याची मान उडवायची असते. ते काम हान्झोवर सोपविले होते. वेळ आली तेव्हा हान्झोचा हात उठेना. तो रडू लागला. शेवटी दुसऱ्याने तलवार चालविली. हे कळल्यावर, राक्षसालाही धन्याच्या मुलाची मान तोडवली नाही, असे इएयासु म्हणाल्याची आख्यायिका आहे. साइनेन्जी मंदिराचे मूळ याच प्रसंगात आहे. नोबुयासुच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून हान्झोने ते स्थापन केले आणि तेथे त्या मुलाचे स्मारकही आहे. हान्झोच्या शंभर पराक्रमांपेक्षा त्याचा तो न उठलेला हात आम्हांला मोठा वाटतो. हुकूम मोडणे सोपे नसते. त्यातून ज्याची सारी कीर्ती हुकूम पाळण्यावर उभी आहे त्याला तर मुळीच नाही.

इकडे इगाच्या जुटीवर घाला आला. १५७९ साली नोबुनागाचा मुलगा नोबुकात्सु याने इगावर स्वारी केली ती डोंगरकरांनी उधळून लावली. मग १५८१ साली खुद्द नोबुनागाचे प्रचंड सैन्य निरनिराळ्या वाटांनी एकाच वेळी आत शिरले. गावे, देवळे, गढ्या जाळल्या, माणसे कापली. घंटा वाजल्या असतील, सतरा ते पन्नासचे पुरुष बाहेरही पडले असतील. पण संख्येपुढे इलाज चालला नाही. जे वाचले ते परागंदा झाले. त्यांतल्या काहींना इएयासुने आसरा दिला, असे सांगतात.

आणि एका वर्षात फासे फिरले. जून १५८२ मध्ये नोबुनागाच्याच एका सरदाराने, आकेची मित्सुहिदेने, क्योतोच्या होन्नोजी मंदिरात त्याला घेरले आणि नोबुनागाने तेथेच आत्महत्या केली. इएयासु त्या वेळी साकाई बंदर पाहायला गेला होता. बरोबर फौज नव्हती. तीसपस्तीस माणसे काय ती होती. मोठे रस्ते शत्रूच्या ताब्यात, आणि वाटेत पराभूत शिपायांना लुटून मारणाऱ्या टोळ्या. घरी पोचण्याचा जवळचा मार्ग एकच, कोका आणि इगाच्या डोंगरांतून. इएयासु त्या वाटेने गेला, इसेच्या किनाऱ्यावर पोचला आणि नावेत बसून मिकावात सुखरूप उतरला. त्याच्या मागून निराळ्या वाटेने निघालेला आनायामा बाइसेत्सु हा सरदार मात्र रस्त्यात मारला गेला. यावरून संकट केवढे होते ते ध्यानात येईल.

हाच तो इतिहासप्रसिद्ध ‘इगा ओलांडण्या’चा प्रवास, आणि याचेच श्रेय कथेने एकट्या हान्झोच्या पदरात टाकले. हान्झोने आपल्या बापाच्या मुलखातील लोकांशी बोलणी केली, ही गोष्ट परंपरेने सांगितलेली आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण नीट पाहू गेल्यास त्या वाटेवर किती हात लागले आहेत! चाया शिरोजिरो नावाचा व्यापारी पुढे होऊन वाटेवरच्या लोकांना चांदी वाटत होता. हासेगावा हिदेकाझु नावाचा नोबुनागाचा माणूस वाट दाखवीत होता. शिगाराकीच्या ताराओ घराण्याने आश्रय दिला. आणि इगा-कोकाच्या असंख्य लोकांनी, ज्यांची घरे वर्षापूर्वीच जळाली होती, पुढेमागे चालून त्या तीसपस्तीस माणसांना खिंडीपार केले. या लोकांच्या पायांवर तोकुगावांचे अडीचशे वर्षांचे राज्य त्या दिवशी उभे होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

इएयासु हे विसरला नाही. इगाच्या सुमारे दोनशे माणसांना त्याने चाकरीस घेतले आणि त्यांचा कारभार हान्झोकडे दिला. १५९० साली इएयासु एदो गावी, म्हणजे आजच्या टोकियोत, राहायला गेला. तेथे हान्झोला आठ हजार कोकु उत्पन्नाची जहागीर मिळाली. एक कोकु म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ, असा ढोबळ हिशेब असे. हान्झोची वस्ती किल्ल्याच्या पश्चिम दाराशी. संकट आलेच तर मालकाने त्या वाटेने डोंगराळ कोफूकडे निसटावे, अशी योजना होती म्हणतात. दोनशे इगाकर मात्र ‘दोशिन’ म्हणजे शिपायांच्या खालच्या दर्जात राहिले. हान्झो १५९६-९७ च्या सुमारास वारला. गोष्टीतला हान्झो येथे संपतो. आमच्या मते खरी गोष्ट येथे सुरू होते.

हान्झोच्या मागे त्याचा थोरला मुलगा गादीवर आला. याचेही नाव मासानारीच उच्चारतात. लिहिण्यातील अक्षर तेवढे निराळे. बापाने भाला चालवून जे मिळविले ते याला आयते मिळाले. दोनशे दोशिन हे इएयासुचे शिपाई, हात्तोरींच्या केवळ देखरेखीखाली ठेवलेले. पण हा तरुण त्यांना आपले घरगडी समजू लागला. स्वतःच्या वाड्याच्या बांधकामावर त्यांना राबवावे, भिंती लिंपायला लावावे, आणि कुरकुर करील त्याचा पगार कापावा, असा खाक्या त्याने सुरू केला. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना हे ओळखीचे वाटेल. नोकरी सरकारची आणि साहेबाच्या घरी भाजी पोचविण्याचे काम, हा प्रकार चारशे वर्षांपूर्वीही होता. इगाकरांना आणखी एक गोष्ट डाचत होती. आमच्या मुलखात हात्तोरी हे आमच्यासारखेच एक घराणे. तेथे आम्ही एका करारनाम्याखाली बरोबरीने राहिलो. मग येथे हा आमचा धनी कसा?

१६०५ च्या अखेरीस त्यांनी काम टाकले. दोनशे माणसे शस्त्रे घेऊन योत्सुयातील एका मंदिरात जाऊन बसली. मागण्या दोन: मासानारीला आमच्यावरून काढा, आणि आमचा दर्जा शिपायावरून ‘योरिकी’ म्हणजे वरच्या शिपाईगड्याचा करा. कामगार चळवळीची भाषा तेव्हा जन्मायची होती. पण एक गाऱ्हाणे वागणुकीचे आणि एक श्रेणीचे, हा मसुदा कोणत्याही मागणीपत्रात शोभेल असा आहे. ध्यानात घ्या, ही माणसे अंधारात गुप्त होण्यासाठी प्रसिद्ध होती. एकेकट्याने पळून जाणे त्यांना अवघड नव्हते. ती पळाली नाहीत. राजधानीत, सर्वांच्या डोळ्यांदेखत, एका छपराखाली जमली.

निकाल काय लागला? मासानारीचा अधिकार गेला. परंतु सरकारने पुढाऱ्यांपैकी दहा जणांना देहान्त शासन फर्मावले. आठ मारले गेले, दोघे निसटले. मासानारी सूडाने पेटून त्या दोघांचा शोध घेत फिरू लागला आणि एके दिवशी त्यांतलाच एक समजून त्याने एका निरपराध माणसाला कापले. तो निघाला दुसऱ्या एका अधिकाऱ्याचा नोकर. तेव्हा मासानारीची जहागीरही खालसा झाली. सासरा इएयासुचा सावत्र भाऊ, म्हणून त्याच्या नजरकैदेत जीव तेवढा बचावला. १६१५ साली ओसाकाच्या लढाईत गेलेली अब्रू परत मिळवायला म्हणून तो उतरला आणि तेथेच नाहीसा झाला. हात्तोरी घराण्यातला जो माणूस खरोखर गुप्त झाला तो हा!

इगाकरांनी जिंकले की हरले? मुकादम गेला, ही जीत. आठ पुढारी गेले, ही त्याची किंमत. आणि नंतर सरकारने जे केले ते कोणत्याही अनुभवी मालकाने केले असते: दोनशेंची ती तुकडी फोडून चार निरनिराळ्या नायकांच्या हाताखाली वाटून टाकली. एका मंदिरात पुन्हा दोनशे जमू नयेत, एवढाच त्याचा अर्थ. एकजुटीला राज्यकर्ते किती भितात ते त्यांच्या बक्षिसांवरून कळत नाही, अशा वाटणीवरून कळते.

पुढची अडीच शतके शांततेची. हेरगिरीची गरज आटली. इगाकरांचे वंशज किल्ल्याच्या दारांवर, जनानखान्याच्या पहाऱ्यावर, रिकाम्या वाड्यांच्या राखणीवर आणि बांधकामाच्या देखरेखीवर नेमले गेले. बंदूकधारी शंभरांच्या ज्या तुकड्या किल्ल्याचे मोठे दार राखीत, त्यांची लांबलचक चौकी टोकियोच्या राजवाड्याच्या बागेत आजही उभी आहे. त्यांतल्या इगा तुकडीची वसाहत ओकुबो भागात होती. पगारात घर भागेना, म्हणून हे शिपाई आपल्या परसात त्सुत्सुजीची फुलझाडे वाढवून विकू लागले. ती फुले इतकी नावाजली की वसंतात सगळे एदो शहर ती पाहायला लोटे. त्या वस्तीचे नाव आजही ह्याकुनिन्चो, म्हणजे शंभर माणसांचा मोहल्ला. जगाला ज्यांच्या नावाने थरकाप सुटतो त्या निन्जांची नातवंडे कुंड्यांना पाणी घालून संसार चालवीत होती. आम्हांला हे हसण्याजोगे वाटत नाही. उलट सगळ्या कथेत याहून खरे चित्र दुसरे नाही.

मग कथा फुगली कशी? काम संपले तेव्हा दंतकथेला मोकळे रान मिळाले. रंगभूमीने आणि चित्रकारांनी शिनोबीला जादूगार केले. विसाव्या शतकात कादंबरीकार पुढे आले. १९५८ पासून यामादा फुतारोने इगा आणि कोका यांच्या अद्भुत द्वंद्वाची कादंबरी लिहिली. शिबा र्योतारोच्या शिनोबींवरील कादंबरीला १९६० साली नाओकी पारितोषिक मिळाले. परंतु त्याच सुमारास दुसराही एक सूर उमटला. मुरायामा तोमोयोशी या नाटककाराने ‘शिनोबी नो मोनो’ ही कादंबरी जपानी कम्युनिस्ट पक्षाच्या ‘आकाहाता’ या पत्रात १९६० ते १९६२ क्रमशः लिहिली. तिच्यात इगाच्या दोन वैरी टोळ्यांचे दोन नायक आहेत. शेवटी उघडकीस येते की ते दोन नायक म्हणजे एकच माणूस, आणि तो खालच्या शिनोबींना एकमेकांविरुद्ध खेळवीत होता. १९६२ साली तिच्यावर चित्रपट काढला तो यामामोतो सात्सुओ याने. १९४८ साली तोहो चित्रपट कंपनीत गाजलेल्या संपातला तो कार्यकर्ता. शिरातो सान्पेई या चित्रकथाकाराने तर निन्जाला बंड करणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभे केले. म्हणजे जपानी लोकांपैकी काहींना त्या काळ्या पोशाखाखालचा राबणारा माणूस दिसला होता. पण बाजाराला चमत्कार अधिक मानवतो. १९८० साली दूरचित्रवाणीवर हान्झो पुन्हा अवतरला, आणि २००३ च्या ‘किल बिल’ या अमेरिकन चित्रपटात त्याच्या नावाचा तलवारी घडविणारा कारागीर दाखविला. भालाईत हान्झोने तलवारी कधीच घडविल्या नव्हत्या. पण नाव एकदा सुटले की कोणाच्याही गळ्यात पडते.

आम्ही हान्झोला लहान करण्यासाठी हे सांगितले नाही. तो शूर होता, इमानी होता, आणि एका घटकेला हुकमापेक्षा माणूस होता. एवढे मोठेपण कोणालाही पुरे. चमत्कारांची भर घातल्याने तो वाढत नाही. मात्र इतरांचे काम झाकले जाते. दरवाजाला नाव एकाचेच देता येते, हे आम्हांला कळते. म्हणूनच उरलेल्यांची आठवण ठेवण्याचे काम दगडावर न सोपविता माणसांनी करायचे असते. इतिहासात अमक्याने किल्ला घेतला, तमक्याने राज्य राखले असे जेव्हा आपण वाचतो, तेव्हा वाट कोणी दाखविली, शिडी कोणी धरली, आणि काम झाल्यावर त्यांच्या पगाराचे काय झाले, हे विचारावे. इगाच्या डोंगरातल्या लोकांनी अकरा कलमांत आणि एका मंदिरात आपले उत्तर लिहून ठेवले आहे. ते वाचायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. आमच्यासारख्या शाळा अर्धवट सोडलेल्या माणसालाही ते वाचता आले, हाच त्याचा पुरावा.